दप्तर कुठे फाटतं ते मला रोज दिसतं

प्रति,
शाळेची दप्तरं बनवणारे कारखानदार, नमुना ठरवणारे, कटिंग मास्तर आणि मशिनवर बसणारे कारागीर यांना

स.न.वि.वि.

साताऱ्यात माझं चेन बदलण्याचं आणि बॅगा दुरुस्त करण्याचं छोटं दुकान आहे. हे काम मी सासऱ्यांकडून शिकले. ते खाकी कॅनव्हासची दप्तरं शिवायचे, पितळी बकलांची, मेण लावलेल्या दोऱ्याने. मी नवं दप्तर शिवत नाही. तुम्ही शिवलेलं उसवते आणि पुन्हा शिवते. त्यामुळे तुमच्या मालाची आतली बाजू मला जेवढी दिसते तेवढी दुकानदाराला दिसत नाही, गिऱ्हाइकालाही नाही. कारखान्यातून माल एकदा बाहेर पडला की सहा महिन्यांनी त्याचं काय झालं, हे तुमच्यापर्यंतही पोचत नसावं. म्हणून हे पत्र.

जूनमध्ये माझ्याकडे येतात ती गेल्या वर्षीची दप्तरं. आईवडील म्हणतात, एवढं वर्ष निघू दे. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पोरांच्या पाठीवर वर्ष काढलेल्या वस्तूला दुरुस्ती लागायचीच. पण गणपती झाले की दुसरा ढीग सुरू होतो. ही दप्तरं त्याच जूनमध्ये घेतलेली असतात. रंग ताजा, पुढचं चित्र जसंच्या तसं, आणि पट्टा मुळातून उपटलेला. हे पत्र त्या दुसऱ्या ढिगाबद्दल आहे.

गेल्या पावसाळ्यात मेढ्याकडून एसटीने शाळेला येणाऱ्या सातवीतल्या एका मुलीची आई दप्तर घेऊन आली. पट्टा सेफ्टी पिनेने अडकवलेला, त्यावर जुन्या साडीचा काठ गुंडाळून गाठ मारलेली. गाडीत चढताना गर्दीत दप्तर मागे खेचलं गेलं, पट्टा सुटला आणि दप्तर स्टँडवरच्या डबक्यात पडलं. वह्यांची पानं तिने इस्त्री फिरवून एकेक सुटी केली होती, तरी शाई पसरायची ती पसरलीच. मला तिने विचारलं, "स्वस्तातलं घेतलं म्हणून असं झालं का हो ताई?" मी तिच्यासमोर शिवण उसवली. पट्ट्याचं टोक शिवणीत जेमतेम अर्धं बोट गेलेलं होतं आणि त्यावर सरळ एकच टीप. तिची निवड चुकली नव्हती. तिच्या दुप्पट किमतीच्या दप्तरातही मला तीच टीप सापडते.

या एका जागेबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण सगळ्यात जास्त दप्तरं इथेच जातात. पट्टा स्वतः कधी तुटत नाही. तुटतं ते पट्ट्याखालचं कापड. पाठीचा भाग आणि वरचा भाग जिथे जोडले जातात त्या शिवणीत पट्ट्याचं टोक खुपसून टीप मारलेली असते. दप्तर खुंटीला टांगलेलं असतं तोवर ती टिकते. पण पोर जिना उतरतं, धावतं, मागून कोणी ओढतं, एसटीत जागा धरायला खिडकीतून दप्तर आत फेकलं जातं, आणि दर वेळी सगळं वजन त्या बोटभर रेषेवर हिसक्याने येतं. कापडाच्या कापलेल्या कडेचे धागे आधीच सुटायला लागलेले असतात. एक दिवस शिवणच्या शिवण बाहेर येते.

यावर उपाय म्हणून काही जण टाके वाढवतात. तेही मी पाहिलं आहे, आणि त्याने काम बिघडतं. एकाच रेषेत बारीक टाके दाटले की सुईची भोकं एकमेकांना भिडतात आणि पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखं कापड नेमकं त्या रेषेवर फाटतं. वजन पसरायला हवं. पट्ट्याचं टोक चार बोटं खाली पाठीच्या भागावर आणा, आतून जाड कापडाचं ठिगळ द्या आणि त्यावर चौकट मारून मधे फुली मारा. दोन्ही पट्टे आणि वरची कडी मिळून आतून एकच आडवी निवाड (जाड विणीची पट्टी) फिरवली तर फारच उत्तम, कारण मग वजन कापडावर न येता निवाडीवर येतं. तुमच्याकडे बारटेकचं, म्हणजे एकाच जागी दाट आडवे टाके घालून टोक पक्कं करणारं मशीन असेल तर दोन्ही टोकांना बारटेक मारा. माझ्याकडे ते मशीन नाही, मी साध्या मशिनवर पुढे-मागे करून मारते, आणि माझ्या हातून असं बांधून गेलेलं दप्तर त्याच जागी पुन्हा फाटून आल्याचं मला आठवत नाही.

खालच्या टोकाला वेगळी अडचण. तिथली बारीक निवाड कोपऱ्याच्या शिवणीत सरळ घुसवलेली असते, पण पाठीवर घेतल्यावर ती तिरकी ओढली जाते. म्हणजे सगळा ताण शिवणीच्या एका टोकावर. तिथे कापडाचा दुहेरी त्रिकोण करून निवाड त्यात तिरकी बसवली की ताण सरळ रेषेत येतो. आणि निवाडीचं सुटं टोक दोनदा दुमडून शिवत चला. ते नुसतं जाळून सोडलं की ॲडजस्टरमधून निसटतं आणि भर रस्त्यात पट्टा खाली लोंबतो.

टॅगवर हल्ली डेनियरचा आकडा छापलेला असतो आणि पालक तो वाचून माल घेतात. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका डेनियर. म्हणजे धागा किती जाड, एवढंच त्यातून कळतं. वीण किती घट्ट आहे, आतला लेप कसा आहे, शिवणीत कापड किती सोडलं आहे, यातलं काहीही कळत नाही. ६०० डेनियरचं कापड अर्ध्या बोटाच्या शिवणीने जोडलं तर ते अर्ध्या बोटाच्या शिवणीइतकंच मजबूत. आमच्याकडच्या पावसात लेपाचा प्रश्न तर मोठाच आहे. ओल धरून दुसऱ्या वर्षी आतला लेप सालपटासारखा सुटतो, पांढरा चुरा वह्यांवर पडतो, आणि त्यानंतर दप्तर पाणी अडवत नाही. त्यापेक्षा बुडाशी वेगळ्या लहान खणात पातळ रेनकव्हर द्या, आणि ते नाडीने दप्तराला बांधून द्या, म्हणजे हरवणार नाही.

आता चेन. पालक येऊन म्हणतात, चेन खराब निघाली. चेन बहुतेक वेळा खराब नसते, तिच्याकडून भलतंच काम करून घेतलेलं असतं. दप्तर ठासून भरलं की पोर दोन्ही कडा एका हाताने जवळ ओढतं आणि दुसऱ्या हाताने रनर रेटतं. दोन फाकलेल्या कडा सांधायचं काम रनरवर आलं की त्याचं तोंड फाकतं, मग तो नुसता फिरतो, दात बसत नाहीत. मी पक्कडीने रनर दाबून देते, दोन महिने चालतो, मग नवा घालते. मोठ्या कप्प्याला पाच नंबरची चेन पुरत नाही, आठ किंवा दहा नंबरची लावा (नंबर मोठा तसे दात मोठे). पाच नंबर पुढच्या लहान खणाला ठीक. चेन कोपऱ्यावरून काटकोनात वळवू नका, चांगली मोठी गोलाई द्या, कारण रनर अडतो तो तिथेच. आणि अस्तर चेनपासून बोटभर लांब ठेवून त्यावर वरून टीप मारा. अस्तर रनरमध्ये अडकलं की पोर जोर लावतं, आणि पोराच्या जोरापुढे कुठलाही रनर टिकत नाही.

पण ठासून का भरावं लागतं? इथे मला तुमच्याशी खरं बोलायचं आहे. वर लिहिलेली निम्मी मोडतोड दप्तराच्या आतली मांडणी चुकल्यामुळे होते. मजबुती आणि मांडणी ही दोन वेगळी खाती आहेत असं तुम्ही धरता. एकीला जाड कापड, दुसरीला जादा कप्पे. मी उसवून पाहते तेव्हा मला ती एकच गोष्ट दिसते.

एक मोठा कप्पा घ्या. त्यात लाँगबुकं, दोनशे पानी वह्या, पुस्तकं, डबा, कंपासपेटी, स्वेटर. दप्तर पाठीवर चढलं की पुस्तकं आपोआप खाली घसरतात, पुढे कलतात, आणि दप्तराचं पोट सुटतं. पोट सुटलं की तीन गोष्टी एकदम होतात. वजन पाठीपासून लांब जातं, म्हणून मूल पुढे वाकून चालतं. चेनवर आडवा ताण येतो. आणि पट्ट्याच्या वरच्या टोकाला खाली ओढ लागायची ती मागे, बाहेरच्या बाजूला लागते, म्हणजे त्या अर्ध्या बोटाच्या शिवणीला सोलून काढल्यासारखी. पुस्तकं पाठीला चिकटून उभी राहिली असती तर तीच शिवण जास्त दिवस टिकली असती.

पुस्तकं उभी ठेवायला पडदा लागतो. पडदा तुम्ही देता, पण तो फक्त बुडाशी शिवलेला असतो, वरून मोकळा लोंबतो. पहिल्याच महिन्यात तो मुडपून खाली बसतो आणि पोरं त्याच्या दोन्ही बाजूंना वाटेल ते कोंबतात. तोच पडदा बुडाला आणि दोन्ही बाजूंच्या शिवणींत धरून घ्या. मग तो घरातल्या मधल्या भिंतीसारखा काम करतो, दोन्ही बाजू एकमेकींना बांधून ठेवतो आणि दप्तराला फुगू देत नाही. कप्प्याची रुंदी पुस्तकांच्या खऱ्या उंचीवर आणि जाडीवर ठरवा. त्यासाठी एका शाळेत जाऊन एका वर्गाचं एका दिवसाचं वेळापत्रक बघितलं तरी पुरे. कागदाच्या रद्दीने फुगवलेलं दप्तर दुकानात छान दिसतं, पण त्याने काहीच कळत नाही.

पुस्तकांची जाडी वरच्यावर बदलतेही. २०२३-२४ पासून आपल्याकडे पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घालून पुस्तकं चार भागांत दिली होती. २०२५ च्या जानेवारीत तो निर्णय शासनाने रद्द केला. म्हणजे वेगळ्या वह्या परत आल्या. काय बरोबर, काय चूक ते शिक्षकांनी सांगावं. दप्तर शिवणाऱ्याने एवढं ध्यानात घ्यावं की तेच मूल, तीच इयत्ता, पण आतला ऐवज वर्षागणिक निराळा असू शकतो. दोन्ही बाजूंना आवळायच्या पट्ट्या दिल्यात तर कमी भरलेलं दप्तर आवळून घेता येईल आणि आतलं सामान हलणार नाही. ट्रेकच्या सॅकला त्या असतातच. शाळेच्या दप्तराला कोणी देत नाही.

डब्याला पुस्तकांच्या शेजारी जागा देऊ नका. भाजीचं तेल एकदा अस्तरात मुरलं की जात नाही, आणि त्याच ओलीने वह्यांच्या कडा पिवळ्या पडतात. पडद्याच्या पुढच्या बाजूला, पुसता येईल अशा रेक्झिनच्या अस्तराचा उभा कप्पा करा. बाटली बाहेरच हवी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, ते एकाच बाजूला लटकतं म्हणून दप्तर कलतं आणि एका खांद्यावर जास्त येतं. बाटलीचा खण पाठीच्या जितका जवळ घ्याल तितकं बरं. आज तो जाळीचा असतो. जाळी सगळ्यांत आधी फाटते, इलास्टिक सैल होतं, आणि एसटीच्या दांड्याला अडकून बाटली पडते. तिथे साधं कापड लावा आणि बुडाशी पाणी निथळायला एक आयलेट, म्हणजे धातूची कडी बसवलेलं भोक, ठोका.

कप्प्यांची संख्या वाढवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. टॅगवर सात कप्पे, नऊ कप्पे असं मोठ्या अक्षरांत असतं. प्रत्येक कप्प्याला चेन लागते, चेनला वजन असतं, आणि दर चेनमागे बिघडायची एक जागा वाढते. दुरुस्तीआधी मी दप्तर रिकामं करते तेव्हा मधल्या खणांतून काय काय निघतं! जून महिन्यातलं सूचनापत्र, सुकलेला चिकू, तीन टोपणं, एक राखी. मुलाला त्या खणाची आठवणच नसते. दुसरी-तिसरीतल्या मुलाला चार जागा पाठ राहतात: पुस्तकं, वह्या, डबा, कंपास. त्या चार नीट द्या. आतलं अस्तर काळं लावता ते सोडून द्या, फिकट रंगाचं लावा. पावसाळ्यात वर्गात अंधार असतो, काळ्या अस्तरात खोडरबर दिसत नाही आणि मूल सगळं दप्तर बाकावर उपडं करतं. कंपासपेटीच्या खणाला मात्र अस्तर दुहेरी हवं. कर्कटकाचं टोक एकेरी अस्तरातून आरपार जातं, त्या भोकातून पेन्सिली आत पडतात, आणि घरी मुलगा ओरडा खातो की पेन्सिल हरवली. ती दप्तराच्या पोटातच असते. मी काढून देते.

हे सगळं केलं तर दप्तर जड होईल, असं तुम्ही म्हणाल. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात पाठीवरचं ओझं मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत असावं असं म्हटलं आहे, आणि पहिली-दुसरीसाठी ते साधारण १.६ ते २.२ किलो धरलं आहे. म्हणजे रिकामं दप्तरच ७०० ग्रॅमचं असेल तर एक तृतीयांश ओझं तुम्हीच भरून पाठवलं. माझ्या दुकानात तराजू आहे, मी तोलते. मी मागतेय ते सगळीकडे जाड कापड नव्हे. बुडाला जाड कापड लावा आणि ते चारही बाजूंनी दोन-तीन बोटं वर चढवा, म्हणजे जमिनीवर घासणारी कड शिवणीची राहणार नाही. पट्ट्यांच्या मुळाशी ठिगळ द्या. वरचा आणि पुढचा भाग हलक्या कापडाचा चालतो, तिथे काही ताण नाही. नको असलेल्या चार चेन, पुढची फोमची फुगीर चित्रं, पत्र्याचे बिल्ले काढून टाका. त्यात वाचलेलं वजन आणि पैसे बुडाला आणि पट्ट्यांना पुरतील असा माझा अंदाज आहे.

जुनं ते सगळं चांगलं होतं असंही मी म्हणत नाही. सासऱ्यांची कॅनव्हासची दप्तरं दहा-दहा वर्षं टिकत, पण ती एका खांद्यावर असायची आणि भिजली की दगडासारखी जड व्हायची. दोन्ही खांद्यांवर रुंद, मऊ पट्टे ही सुधारणाच आहे. जपानमधली प्राथमिक शाळेची मुलं रांदोसेरू नावाचं कडक, पेटीसारखं दप्तर पहिलीला घेतात आणि सहावीपर्यंत तेच वापरतात. तिथले बरेचसे कारखानदार सहा वर्षं दुरुस्तीची हमी देतात. त्या दप्तराची किंमत आपल्याकडे परवडणारी नाही, आणि रिकाम्याचंच वजन किलोच्या वर जातं, तेव्हा नक्कल करायला मी सांगत नाही. पण तिथे आधी सहा वर्षं ठरतात आणि मग शिवण ठरते. तुम्ही तीन वर्षं ठरवून बघा.

तीन वर्षं चालायचं तर दुरुस्ती होणारच, आणि ती करता येईल असं दप्तर हवं. आज चेन बदलायला मला आतली सगळी पायपिंग (शिवणीच्या कडा झाकणारी पट्टी) काढावी लागते, म्हणजे निम्मं दप्तर उसवणं. त्याची मजुरी सांगितली की बाई गप्प होते, हिशेब करते आणि दप्तर परत घेऊन जाते. चेनची पट्टी स्वतंत्र टिपेने जोडली तर तेच काम अर्ध्या तासाचं. फुटलेलं बकल काढून नवं बसवता यावं म्हणून तिथे उघडता येणारा अडकवा द्या. रनर आणि बकलं बाजारात सहज मिळणाऱ्या मापाची ठेवा. आणि दप्तरासोबत एक जादा रनर आणि एक जादा बकल लहान पिशवीत घालून द्या, शर्टाला जादा बटण असतं तसं. गावात बॅग शिवणारा नसला तरी चप्पल शिवणारा असतो, तो बसवून देईल.

माझ्याकडे एक खोकं आहे. त्यात मी उपटलेले पट्टे, फाकलेले रनर, घासून गेलेले बुडाचे कोपरे कापून ठेवले आहेत, प्रत्येकाला चिठ्ठी लावून: कितवीचं मूल, किती महिने वापर, काय भरलं होतं. कंपनीचं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही. तुमच्यापैकी ज्यांना ते पाहायचं असेल त्यांनी यावं. पुढच्या वर्षाचे नमुने ठरवायच्या आधी, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच आलात तर उपयोग होईल. नवा नमुना असेल तर तोही आणा. मेढ्याच्या त्या मुलीच्या आईशी माझं बोलणं झालं आहे, तिची मुलगी तो एक सत्र वापरून बघायला तयार आहे. तिला फक्त काळं अस्तर नको आहे. दुकान सोमवारी बंद असतं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
दप्तरं दुरुस्त करणारी एक बाई
सातारा